आशियाई खेळांत भूतान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूतानला आशियाई खेळांत आजवर किती पदकं मिळाली आहेत?

एकही नाही. सुवर्ण नाही, रौप्य नाही, कांस्यही नाही. २०२३ मध्ये हांगझूला झालेल्या स्पर्धेपर्यंतचा हा हिशोब आहे. (स्पर्धा २०२२ ची होती, करोनामुळे वर्षभर पुढे गेली, नाव मात्र २०२२ चंच राहिलं.)

भूताननं पदकं जिंकल्याचं मी नक्की कुठेतरी वाचलंय. मग ते काय होतं?

बहुधा ते दक्षिण आशियाई खेळांबद्दल असेल. ती स्पर्धा वेगळी. भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश अशा शेजाऱ्यांमधली, १९८४ मध्ये काठमांडूत सुरू झालेली. तिथे भूतानला पदकं मिळतात. २०१६ मध्ये गुवाहाटी-शिलाँगला १ रौप्य आणि १५ कांस्य, तर २०१९ मध्ये नेपाळात ७ रौप्य आणि १३ कांस्य. मराठी बातम्यांत दोन्ही स्पर्धांची नावं एका ओळीत आली की गोंधळ होतोच.

ज्याला आपण बोलताना ‘एशियाड’ म्हणतो ते आशियाई खेळ. एसटीच्या निमआराम गाडीला एशियाड हे नाव पडलं ते १९८२ च्या दिल्लीतल्या याच खेळांवरून. दादर-पुणे एशियाडनं ये-जा केलेल्या पिढीला हे सांगायला नको. गंमत अशी की त्या दिल्लीच्या खेळांत अगदी शेजारचा भूतानच नव्हता.

मग भूतान पहिल्यांदा कधी उतरला?

१९८६ मध्ये, दक्षिण कोरियातल्या सोलला. त्याआधी नऊ एशियाड होऊन गेले होते. पहिला १९५१ मध्ये दिल्लीला झाला, त्यात ११ देश होते आणि नेपाळ त्यांतला एक होता. भूतान नव्हता, आणि असणं शक्यही नव्हतं. राजधानी थिंफूपर्यंत मोटारीचा रस्ता पोचला तोच १९६० च्या दशकात. संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व १९७१ चं, ऑलिम्पिक समितीची स्थापना १९८३ ची. टीव्ही तर १९९९ मध्ये आला. समिती स्थापन झाल्यावर पुढच्याच वर्षी भूतानचे सहा तिरंदाज, तीन पुरुष आणि तीन स्त्रिया, थेट लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला जाऊन आले. म्हणजे एशियाडच्या आधी ऑलिम्पिक! सोल त्यानंतरचं.

असे पदक न मिळालेले देश आणखी कोणते?

मालदीव आणि पूर्व तिमोर. तिघांचा हा छोटा गट आहे. हांगझूत ४५ देश होते आणि त्यांतल्या ४१ देशांनी किमान एक पदक नेलं, त्यामुळे या गटात असणं आता जास्तच डोळ्यांत भरतं. पूर्व तिमोर या स्पर्धेत आला तोच २००२ पासून, तेव्हा त्याला थोडी सवलत द्यायला हवी. मालदीवला आणि भूतानला ती देता येत नाही.

भूतानचा राष्ट्रीय खेळच तिरंदाजी आहे ना? मग निदान तिरंदाजीत तरी पदक का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि खरं सांगायचं तर हे पान मी मुख्यतः याच्यासाठीच लिहायला घेतलं. हे उत्तर लांबेल.

थिंफूत चांगलिमिथांग नावाचं स्टेडियम आहे आणि त्याला लागूनच तिरंदाजीचं मैदान. महाराष्ट्रातून जाणाऱ्या सहलींना हे मैदान हटकून दाखवतात. आमच्या गटालाही दाखवलं. आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. घो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा भूतानी पोशाख, घातलेला एक माणूस पुढे आला, धनुष्य ओढलं, सोडलं. बाण कुठे गेला ते आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. पलीकडच्या टोकाला, इतक्या लांब की माणसं काडीएवढी दिसत होती, जमिनीत रोवलेली एक रंगवलेली फळी होती आणि तिच्या अगदी जवळ, माझ्या मते भलतीच जवळ, दुसऱ्या संघाची माणसं उभी होती. क्षणभर काहीच नाही. मग त्या टोकाची सात-आठ माणसं एका रांगेत आली, गाणं म्हणत, एक पाय उचलून संथपणे नाचायला लागली. गटातल्या काकूंनी विचारलं, “जिंकले का हो?” वाटाड्या हसला. “नाही काकी, एक बाण लागला.”

त्या एका बाणासाठी नाच होतो कारण तो लागणं सोपं नाही. भूतानच्या पारंपरिक तिरंदाजीत अंतर साधारण १४५ मीटर असतं. फळी अंदाजे तीन फूट उंच आणि जेमतेम फूटभर रुंद. मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक फळी, संघ या टोकाकडून त्या टोकाकडे नेम धरतात आणि मग उलट. प्रत्येकाच्या वाट्याला एका वेळी दोन बाण. फळीच्या मधोमध लागला तर ३ गुण, फळीवर कुठेही लागला तर २, आणि फळीच्या जवळ, बाणाच्या लांबीइतक्या अंतरात रुतला तरी १. एक डाव २५ गुणांचा. नेम लागला की कमरेला रंगीत पट्टा खोचायचा. प्रतिस्पर्धी नेम धरत असतो तेव्हा समोरचा संघ त्याची टर उडवतो, बायका गाणी म्हणून त्याला आणखी हैराण करतात, आणि हे सगळं नियमात बसतं. परंपरेनं सामन्याच्या आदल्या रात्री संघ घरापासून लांब एकत्र झोपतो, ज्योतिषाचा सल्लाही घेतला जातो.

आता एशियाडचं मैदान पाहा. रिकर्व्ह, म्हणजे टोकं बाहेर वळलेल्या, धनुष्याला अंतर ७० मीटर, म्हणजे भूतानी अंतराच्या निम्म्याहूनही कमी. पण निशाण १२२ सेंटीमीटर व्यासाचं आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १२.२ सेंटीमीटरचं. फळीवर ‘कुठेही लागला’ याला इथे काही किंमत नाही. वरच्या पातळीवर नऊ गुण आला तर खेळाडू मान हलवतो. बाद फेरीत एकेका बाणाला २० सेकंद. गाणं नाही, टर नाही, नाच नाही. आपले बारा-तेरा साथीदारही नाहीत. मागे फक्त प्रशिक्षक.

नाव एकच, पण हे दोन वेगळे खेळ आहेत. एकात लांबवर बाण पोचवायचा, वारा ओळखायचा, चिडवाचिडवीत डोकं शांत ठेवायचं आणि दिवसभरात थोडे पण मोलाचे नेम साधायचे. दुसऱ्यात तीच एक कृती यंत्रासारखी शेकडो वेळा, इंचभरही न हलता करायची. गावच्या जत्रेतला निष्णात बैलगाडा हाकणारा मोटार शर्यतीत उतरवला तर काय होईल, तसंच काहीसं. त्याला वेगाची भीती नसेल, पण त्याची अर्धी विद्या तिथे उपयोगाचीच नाही.

दक्षिण कोरियाचे तिरंदाज त्या दुसऱ्या खेळात लहानपणापासून वाढतात. भूतानी मुलगा पहिल्या खेळात वाढतो, आणि मग काही निवडक जणांना दुसरा खेळ नव्यानं शिकवला जातो.

पण हल्ली भूतानात कंपाऊंड धनुष्यं वापरतात असं ऐकलं. एशियाडमध्ये कंपाऊंड आहे ना?

बरोबर ऐकलंत. बांबूचं धनुष्य अजून आहे, त्याच्या वेगळ्या स्पर्धाही होतात, पण थिंफूच्या मैदानावर आता चाकांची परदेशी कंपाऊंड धनुष्यं सर्रास दिसतात. आम्ही पाहिलं तेही कंपाऊंडच होतं. घो, गुडघ्यापर्यंत मोजे, पायात बूट आणि हातात ही चकचकीत यंत्रणा.

एशियाडमध्ये कंपाऊंड २०१४ च्या इंचॉनपासून आहे, अंतर ५० मीटर. भूतानी तिरंदाज घरी याच्या जवळजवळ तिप्पट अंतरावरून बाण मारतो. तरीही वर सांगितलेली अडचण सुटत नाही, उलट वाढते. कंपाऊंडमध्ये निशाण ८० सेंटीमीटरचं, दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं, आणि सामना १५ बाणांचा, कमाल १५० गुण. हांगझूच्या अंतिम फेरीत नागपूरच्या ओजस देवतळेनं अभिषेक वर्माला १४९-१४७ असं हरवलं. म्हणजे पंधरा बाणांत एकच गुण सांडला, आणि समोरच्याचे तीनच सांडले तरी तो रौप्यावर थांबला. ओजसनं तिथे तीन सुवर्णपदकं घेतली. साताऱ्याच्या अदिती स्वामीला सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य मिळालं. दोघंही साताऱ्यातल्याच अकादमीत घडलेले. त्याच वर्षी बर्लिनला दोघं जगज्जेतेही झाले होते.

साताऱ्यात घरोघरी धनुष्य नाही, तिथे तिरंदाजी हा राष्ट्रीय खेळही नाही. पण ५० मीटर, ८ सेंटीमीटर आणि दिवसाला कित्येकशे बाण ही शिस्त आहे. भूतानात घरोघरी धनुष्य आहे. मला हे उदाहरण भूतानच्या पदकशून्यतेचं सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण वाटतं.

मग भूतानची ती १४५ मीटरची तिरंदाजीच एशियाडमध्ये का घेत नाहीत? कबड्डी घेतली तशी?

कल्पना छान आहे. एशियाडनं प्रादेशिक खेळांना दार उघडं ठेवलंय हे खरं: आग्नेय आशियाचा सेपाक तकरॉ आहे, मध्य आशियाची कुराश कुस्ती आहे, आणि १९९० च्या बीजिंगपासून आपली कबड्डी आहे. पण कबड्डी एका दिवसात तिथे पोचली नाही. नियम ठरवण्यात महाराष्ट्रातल्या मंडळींनी कित्येक वर्षं घालवली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी ती जगाला दाखवली. शिवाय बांगलादेश, पाकिस्तान, इराण, जपान इथे ती खेळणारे संघ उभे राहिले.

१४५ मीटरची तिरंदाजी भूतानबाहेर कोण खेळतं? जो खेळ एकच देश खेळतो त्याचं पदक कुणाविरुद्ध जिंकणार? शिवाय निशाणापाशी माणसं उभी राहून नाचतात, हे पाहून कुठलाही आंतरराष्ट्रीय सुरक्षा अधिकारी चक्कर येऊन पडेल.

कारण सरळ आहे, लोकसंख्या कमी. इतका काथ्याकूट कशाला?

लोकसंख्या कमी आहेच. २०१७ च्या जनगणनेत भूतानात सव्वासात लाखांच्या आसपास माणसं होती. एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या जवळ आहे. सिंधुदुर्गाचा स्वतंत्र संघ एशियाडला पाठवला तर किती पदकं येतील, असा विचार करून पाहा.

पण एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. ब्रुनेई भूतानपेक्षाही लहान आहे आणि हांगझूत त्याच्या बस्मा लच्करनं वूशू या चिनी युद्धकलेत रौप्य जिंकलं. बहारीनची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास, त्यांतही नागरिक सुमारे निम्मे, तरी हांगझूत १२ सुवर्णं. तिथे पैसा आहे, आणि आफ्रिकेत जन्मलेल्या धावपटूंना नागरिकत्व देण्याची पद्धत आहे. अडथळ्यांच्या शर्यतीतली विनफ्रेड यावी मूळची केनियाची. भूताननं हा मार्ग धरलेला नाही. धरावा असं मलाही वाटत नाही, पण हा मार्ग आहे हे नाकारून चालणार नाही.

माझ्या मते खरी तुलना मंगोलियाशी करायला हवी. सुमारे ३४ लाख लोक, थंडी, डोंगर आणि गवताळ माळ, समुद्र नाही, श्रीमंतीही बेताची. हांगझूत ३ सुवर्णांसह २१ पदकं! मंगोलियाचा घरचा खेळ म्हणजे ‘बोख’ कुस्ती. गावच्या बोखमध्ये तयार झालेलं अंग ज्युदोत, कुस्तीत, साम्बोत जवळजवळ तसंच्या तसं चालतं. मंगोलियाचा पहिला ऑलिम्पिक सुवर्णविजेता, २००८ चा ज्युदोपटू तुवशिनबायर, असाच पारंपरिक कुस्तीतून आलेला. त्यांचा गावचा खेळ एशियाडमध्ये चलनी नाणं आहे. भूतानचा नाही. दुर्दैव म्हणा हवं तर.

एशियाडला जायला भूतानच्या खेळाडूंना पात्रता फेरी पार करावी लागते का?

बहुतेक खेळांत नाही. ठरलेल्या मर्यादेत देशाची ऑलिम्पिक समितीच नावं पाठवते. भूतान तिरंदाजीबरोबर बॉक्सिंग, तायक्वांदो, गोल्फ अशा खेळांतही खेळाडू उतरवत आला आहे.

पदक यायचंच झालं तर कुठून येईल?

तिरंदाजीतून नाही, असा माझा अंदाज आहे. बॉक्सिंग, तायक्वांदो, ज्युदो, कराटे या खेळांत प्रत्येक वजनी गटात दोन कांस्यपदकं असतात. बॉक्सिंगमध्ये तर उपांत्य फेरी गाठली की पदक पक्कं. १६ जणांच्या ड्रॉमध्ये दोन लढती जिंकल्या की माणूस उपांत्य फेरीत पोचतो. ड्रॉ हलका लागला, एखाद्या फेरीत पुढे चाल मिळाली, तर एका चांगल्या दिवसाचं काम आहे. तिरंदाजीत अशी पळवाट नाही. कांस्यासाठीही वेगळा सामना जिंकावा लागतो, आणि बाद फेरीत कोरिया, चीन, भारत, तैपेई यांचे प्रत्येकी दोन-दोन खेळाडू वाट अडवून बसलेले असतात.

नेपाळचं उदाहरण पाहा. त्यांना १९८६ मध्ये एकाच स्पर्धेत ८ कांस्यपदकं मिळाली. पुढे १९९८ मध्ये तायक्वांदोत सबिता राजभंडारीनं रौप्य घेतलं, २०१८ मध्ये पॅराग्लायडिंगच्या संघानं, आणि हांगझूत कराटेत एरिका गुरुंगनं. महिला कबड्डीत कांस्यही आलं. सुवर्ण नेपाळलाही अजून नाही. पण पॅराग्लायडिंगचं रौप्य मला फार आवडतं. पोखऱ्यात पर्यटकांना घेऊन डोंगरावरून उडणारी पोरं, त्यांचा रोजचा धंदाच एशियाडमध्ये आला.

दक्षिण आशियाई खेळांत तरी तिरंदाजीत भूतान पुढे असतो का?

२०१९ ची गोष्ट सांगतो. भारतीय तिरंदाजी संघटनेवर जागतिक संघटनेची बंदी असल्यामुळे भारत तिरंदाजीत नव्हता. पोखऱ्यात मैदान मोकळं होतं. भूतानसाठी याहून चांगली संधी कुठली? पण दहाच्या दहा सुवर्णपदकं बांगलादेशनं नेली. काही अंतिम लढतींत समोर भूतानचेच तिरंदाज होते आणि ते हरले. बांगलादेशला तिरंदाजीची म्हणावी अशी परंपरा नाही. त्यांनी काही वर्षं परदेशी प्रशिक्षक आणि शिबिरं यांवर जोर दिला होता. त्याच स्पर्धेत मालदीवच्या हसन सईदनं १०० मीटर धावण्याचं सुवर्ण जिंकलं. एकूण पदकं मालदीवची ५ आणि भूतानची २०, पण तक्त्यात मालदीव वर, कारण क्रम सुवर्णावर लागतो.

ऑलिम्पिकमध्ये काय स्थिती आहे?

तिथेही पदक नाही. २००८ पर्यंत भूताननं ऑलिम्पिकला फक्त तिरंदाज पाठवले. २०१२ ला नेमबाजी जोडली गेली, टोकियोत पोहणं आणि ज्युदो. बहुतेक जागा आमंत्रणाच्या. स्वतःच्या कामगिरीवर पात्र ठरलेली पहिली भूतानी खेळाडू म्हणजे तिरंदाज कर्मा. होय, नाव एवढंच. तिनं टोकियोची जागा २०१९ मध्ये बँकॉकला मिळवली. टोकियोत पहिल्याच फेरीत समोर दीपिका कुमारी आली आणि कर्मा ६-० अशी हरली. आपल्याकडच्या बातम्यांत त्या दिवशी ‘दीपिकाचा सोपा विजय’ असं आलं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधवही त्याच मैदानावर होता, त्यामुळे मराठी वाचकांचं लक्ष तिकडे होतं. कर्माच्या देशात मात्र तो इतिहास होता.

पॅरिस २०२४ मध्ये किन्झांग ल्हामो मॅरेथॉन धावली. विजेती सिफान हसन २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत पोचली. किन्झांग ३ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत, शेवटची, ८०वी. शेवटच्या टप्प्यात लोक तिच्याबरोबर चालले, धावले. ती थांबली नाही.

खेळांची सूत्रं कुणाकडे आहेत?

राजघराण्याकडे. राजपुत्र जिग्येल उग्येन वांगचुक २००९ पासून भूतान ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष आहेत आणि २०१८ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्यही. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांना बास्केटबॉलचं वेड होतं. तेव्हा वरून दुर्लक्ष आहे असं म्हणता येत नाही.

भूतानच्या फुटबॉल संघानं काहीतरी मोठं जिंकलं होतं ना?

जिंकलं होतं, पण एशियाडमध्ये नाही. ३० जून २००२, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचाच दिवस. क्रमवारीतल्या शेवटच्या दोन संघांचा सामना थिंफूत, याच चांगलिमिथांगला झाला आणि भूताननं कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटाच्या संघाला ४-० हरवलं. त्याआधी २००० मध्ये कुवेतकडून २०-० अशी हार झाली होती, हे ध्यानात घेतलं की त्या चार गोलांचं मोल कळतं.

पुढची संधी कधी?

जपानमध्ये, आयची-नागोया, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६. तिरंदाजीत ७० आणि ५० मीटर, नेहमीप्रमाणे.

थिंफूला गेलो तर ही तिरंदाजी पाहायला मिळेल का? तिकीट असतं का?

आम्ही पाहिली तेव्हा तिकीट नव्हतं, नुसते भिंतीपाशी जाऊन उभे राहिलो. शनिवार-रविवारी गेलात तर सामना चालू असण्याची शक्यता जास्त. भारतीयांना भूतानात राहण्यासाठी दर माणशी दर रात्री १,२०० रुपये शुल्क आहे, ते सहलीच्या पैशांत धरलंय की नाही हे आधी विचारून घ्या. मैदानाच्या मधून पलीकडे जाऊ नका. आणि बाण शोधत बसू नका, दिसत नाही. पलीकडच्या टोकाकडे बघा, नाचायला लागले की समजायचं.